आठ आठवडे वर्गात, आठ आठवडे वर्कशॉपमध्ये: अमेरिकेत मोटार तंत्रज्ञ कसा घडतो

मोटारीच्या डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागतो, स्कॅनर जोडल्यावर पडद्यावर पी०१७१ हा कोड उमटतो आणि नवशिका माणूस लगेच ऑक्सिजन सेन्सर बदलायला घेतो. दिवा विझतो, मोटार ग्राहकाकडे जाते आणि दोन-चार दिवसांत तोच दिवा घेऊन परत येते. मुळात त्या सेन्सरचे काहीच बिघडलेले नव्हते. इंजिनात हवेच्या मानाने इंधन कमी पडते आहे, एवढेच तो सांगत होता आणि ते खरे होते. इंधन का कमी पडते, हे शोधण्याचे काम माणसाचे होते आणि नेमके तेच कोणी केले नव्हते. कारण शोधण्याची ही रीत कॉलेजचा वर्ग आणि पगारी काम यांच्यात आलटून-पालटून ठेवून शिकवणारी एक व्यवस्था अमेरिकेत चार दशकांहून अधिक काळ चालू आहे. ती कशी चालते, तिच्यात पैसा कोणाचा आणि वेळ कोणाचा जातो, आणि ती कुठे अडखळते, हे समजून घेण्यासारखे आहे.

या व्यवस्थेत तीन पक्ष असतात. पहिला पक्ष मोटार बनवणारी कंपनी, दुसरा कम्युनिटी कॉलेज, म्हणजे दोन वर्षांची पदवी देणारे, तुलनेने कमी शुल्काचे सार्वजनिक कॉलेज, आणि तिसरा डीलरशिप, म्हणजे त्या कंपनीच्या मोटारी विकणारा आणि दुरुस्त करणारा अधिकृत व्यावसायिक. डीलरशिप कंपनीच्या मालकीची नसते, तो स्वतंत्र व्यवसाय असतो, ही गोष्ट इथेच लक्षात ठेवावी, कारण पुढे येणाऱ्या बऱ्याच अडचणी या एका वस्तुस्थितीतून निघतात. जनरल मोटर्सने १९७९ मध्ये मिशिगनमधील डेल्टा कॉलेजबरोबर असा अभ्यासक्रम सुरू केला. १९८० च्या दशकात फोर्डचा ‘ॲसेट’ आणि टोयोटाचा ‘टी-टेन’ हे त्याच वळणाचे अभ्यासक्रम आले आणि पुढे इतर कंपन्यांनीही आपापले अभ्यासक्रम काढले. नावे वेगळी असली तरी सांगाडा एकच आहे: विद्यार्थी काही आठवडे कॉलेजात शिकतो, मग तितकेच आठवडे आपल्याला पुरस्कृत करणाऱ्या डीलरशिपमध्ये पगारावर काम करतो, पुन्हा कॉलेजात येतो, आणि असे दोन वर्षे चालते.

कल्पना मोटारींच्या धंद्यात जन्मलेली नाही. हर्मन श्नायडर या अभियांत्रिकीच्या प्राध्यापकांनी १९०६ मध्ये सिनसिनाटी विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या जोड्या लावल्या होत्या. जोडीतला एक कारखान्यात असताना दुसरा वर्गात बसायचा आणि ठरलेल्या मुदतीनंतर दोघे जागा बदलायचे. कारखान्यातली जागा कधी रिकामी राहत नसे आणि वर्गातला बाकही. मोटार तंत्रज्ञांच्या शिक्षणाने ही अदलाबदल उचलली. ती उचलण्याची गरज नेमकी १९७० च्या दशकाच्या शेवटी का भासली, याचे उत्तर मात्र मोटारीच्या पोटात आहे.

१९७० च्या स्वच्छ हवा कायद्याने धुरावर कडक मर्यादा घातल्या. त्या पाळण्यासाठी १९७५ च्या मॉडेलांपासून बहुतेक मोटारींना धुरातले घातक वायू कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बसू लागला, आणि १९८१ च्या सुमारास इंजिनाचे इंधन मोजून देण्याचे काम संगणकाच्या हाती गेले. तोवर कानाने ऐकून, नाकाने वास घेऊन आणि कार्ब्युरेटरचा स्क्रू पाव वळसा फिरवून जे साधत असे, ते आता साधेना. १९९६ पासून अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या सर्व मोटारींना ओबीडी-२ ही दोष ओळखण्याची समान पद्धत सक्तीची झाली, तर २००८ पासून तिच्या संदेशवहनासाठी कॅन हे मोटारीतल्या संगणकांना जोडणारे तारांचे जाळे सक्तीचे झाले. आज एका मोटारीत डझनावारी छोटे संगणक एकमेकांशी बोलत असतात. कंपन्यांची स्वतःची प्रशिक्षण केंद्रे पूर्वीपासून होती, परंतु तिथे कामात मुरलेला तंत्रज्ञ दोन-तीन दिवसांसाठी येऊन नव्या मॉडेलाची माहिती घेऊन जात असे. ज्याला व्होल्टेज म्हणजे काय हेच ठाऊक नाही अशा अठरा वर्षांच्या मुलाला किंवा मुलीला मुळापासून शिकवण्याची सोय त्या केंद्रांत नव्हती, आणि डीलरशिपमधल्या धावपळीतही नव्हती. कॉलेजला शिकवता येत होते, पण त्याच्याकडे नव्या मोटारी नव्हत्या. प्रत्येकाकडे एक तुकडा होता आणि करार झाला तो हे तुकडे जोडण्याचा.

करारात कंपनी कॉलेजला मोटारी, इंजिने, गिअरबॉक्स, स्वतःचे स्कॅनर आणि दुरुस्तीची अधिकृत माहिती देते, तसेच शिक्षकांना आपल्या प्रशिक्षणात सामील करून घेते. कॉलेज वर्ग, वर्कशॉप, शिक्षक आणि पदवी पुरवते. डीलरशिप नोकरी देते, पगार देते आणि विद्यार्थ्याला एका अनुभवी तंत्रज्ञाच्या हाताखाली ठेवते. प्रवेशासाठी गुणपत्रिकेबरोबर वाहन चालवण्याचा परवाना आणि चालकाची स्वच्छ नोंद लागते, कारण दुरुस्तीनंतर ग्राहकाची मोटार रस्त्यावर चालवून पाहावी लागते आणि ज्याच्या नावावर अपघात नि दंड आहेत त्याचा विमा डीलरशिपला परवडत नाही. पुरस्कर्ती डीलरशिप मिळवण्यासाठी विद्यार्थ्याला मुलाखत द्यावी लागते. काही कॉलेजे यात पुढाकार घेतात, काही ठिकाणी विद्यार्थ्यालाच दारोदार फिरावे लागते, आणि डीलरशिप मिळाली नाही तर पुढचे सगळे अडते.

दोन वर्षांत ब्रेक, स्टिअरिंग आणि सस्पेन्शन, विद्युत यंत्रणा, इंजिन, गिअरबॉक्स, वातानुकूलन आणि इंजिनाची कार्यक्षमता हे विषय एकामागून एक येतात. सत्राची लांबी कॉलेजागणिक बदलते, आठ आठवड्यांची पाळी हा सर्वात परिचित नमुना. सोबत गणित, लेखन आणि संवाद असे सामान्य विषयही असतात, कारण शेवटी मिळते ती असोसिएट, म्हणजे दोन वर्षांची, पदवी असते. अनेक विद्यार्थ्यांना हे विषय वेळेचा अपव्यय वाटतात. मला तसे वाटत नाही, आणि त्याचे कारण पुढे जॉब कार्डाच्या संदर्भात येईल.

आता त्या पी०१७१ कडे परत जाऊ, कारण वर्ग आणि वर्कशॉप यांची सांगड तिथे सर्वात स्पष्ट दिसते. पेट्रोल इंजिनाला पूर्ण ज्वलनासाठी वजनाने साधारण १४.७ भाग हवेला १ भाग पेट्रोल लागते. हे प्रमाण बिघडू लागले की संगणक इंधनाची मात्रा वाढवतो किंवा घटवतो आणि किती टक्के वाढवली वा घटवली, ते स्कॅनरवर दिसते. या आकड्याला इंधन-दुरुस्ती, वर्कशॉपच्या भाषेत फ्युएल ट्रिम, म्हणतात. समजा, मोटार जागेवर उभी असताना हा आकडा अधिक २२ टक्के आहे. म्हणजे संगणक जवळजवळ पावपट जास्त इंधन ओततो आहे. आता इंजिनाचा वेग मिनिटाला २,५०० फेऱ्यांपर्यंत नेल्यावर तोच आकडा अधिक ४ वर आला, तर त्यातून काय कळते? इंजिन मंद चालते तेव्हा ते फार थोडी हवा ओढते, त्यामुळे एखाद्या तडकलेल्या नळीतून चोरवाटेने शिरणारी थोडीशी हवाही प्रमाणाने मोठी ठरते. वेग वाढला की एकूण हवा कितीतरी वाढते आणि तीच गळती नगण्य होते. म्हणून आकडा वेगाबरोबर उतरला तर संशय हवेच्या गळतीवर जातो. उलट भार वाढेल तसा आकडा चढत गेला, तर इंधन पुरे पडत नाही असे समजून पंप, फिल्टर किंवा हवा मोजणारा सेन्सर तपासावा लागतो. ऑक्सिजन सेन्सरला हातही न लावता अर्धे निदान झालेले असते.

वर्गात शिक्षक मुद्दाम एक नळी सैल करून ठेवतात आणि विद्यार्थी आकडे कागदावर मांडून, धुराच्या यंत्राने इंजिनात धूर सोडून, तो कुठून बाहेर येतो ते पाहतो. तिथे त्याला दोन तास असतात आणि चूक झाली तर कोणाचेही नुकसान होत नाही. पुढच्याच पाळीत डीलरशिपमध्ये तीच तक्रार घेऊन खरी मोटार येते, ग्राहक बाहेरच्या खोलीत घड्याळ पाहत बसलेला असतो, नळी इंजिनाच्या मागे हात न पोहोचणाऱ्या जागी असते, आणि आधी कोणीतरी लावलेला भलताच क्लॅम्प दिशाभूल करत असतो. वर्गात कळलेली गोष्ट इथे हाताला कळते. आठ आठवड्यांनी विद्यार्थी वर्गात परततो तेव्हा त्याच्याजवळ असे प्रश्न असतात, जे केवळ पुस्तक वाचून कोणाला सुचले नसते. दोन वर्षे सलग शिकवून मग नोकरीला पाठवण्यापेक्षा ही ये-जा सरस ठरते ती या परतीमुळे, असे माझे ठाम मत आहे.

विद्युत यंत्रणेच्या पाळीतले एक छोटे उदाहरण पाहा. समांतर जोडलेल्या दोन सारख्या रोधांचा एकत्रित रोध निम्मा होतो, हे विद्यार्थी शाळेतच शिकलेला असतो आणि बहुधा विसरलेलाही असतो. मोटारीतील कॅन जाळ्याच्या दोन टोकांना प्रत्येकी १२० ओहमचा एकेक रोध असतो. बॅटरी सोडवून, डॅशबोर्डखालच्या सोळा पिनांच्या सॉकेटमध्ये ६ आणि १४ क्रमांकांच्या पिनांवर मल्टिमीटरची टोके ठेवली की निरोगी जाळे ६० ओहम दाखवते. १२० दिसले तर एक रोध किंवा त्याच्याकडे जाणारी तार तुटलेली आहे. शून्याच्या आसपास दिसले तर दोन तारा कुठेतरी एकमेकींना चिकटल्या आहेत. मोटारीचे अर्धे अंतरंग न खोलता, दोन मिनिटांत, एका आकड्यावरून शोधाची दिशा ठरते. शाळेतले ते विसरलेले सूत्र यानंतर सहसा विसरले जात नाही.

डीलरशिपमधल्या पहिल्या पाळीत मात्र असे काम क्वचितच वाट्याला येते. ऑइल बदलणे, चाकांची अदलाबदल, ब्रेक पॅडची जाडी मोजणे, ठरलेल्या यादीनुसार मोटारीची तपासणी करणे, चाकाचे नट समोरासमोरच्या क्रमाने टॉर्क पान्याने आवळणे, असे सुरुवातीचे दिवस जातात. ही कामे हलकी समजू नयेत, कारण नट आवळायचा राहिला तर चाक निखळते. तथापि धोका असा की हीच कामे करणारा माणूस डीलरशिपला हवा असतो आणि एकदा तो मिळाला की त्याला तिथेच ठेवण्याचा मोह होतो. नुकतीच विद्युत यंत्रणा शिकून आलेला विद्यार्थी आठ आठवडे फक्त ऑइल बदलत राहिला, तर आलटून-पालटून शिकण्यामागचा सगळा हेतू वाया जातो. म्हणून चांगली कॉलेजे प्रत्येक पाळीसाठी कामांची यादी देतात, मार्गदर्शक तंत्रज्ञाच्या सहीनिशी ती भरून घेतात आणि शिक्षक स्वतः डीलरशिपला भेट देतात.

या व्यवस्थेची खरी गाठ आहे ती या मार्गदर्शकाच्या पगारात. अमेरिकेतल्या डीलरशिपमध्ये अनुभवी तंत्रज्ञाला बहुधा ‘फ्लॅट रेट’ पद्धतीने पैसे मिळतात. प्रत्येक कामाला किती तास लागावेत, हे पुस्तकात ठरलेले असते. एखादे काम दीड तासाचे धरले असेल आणि तंत्रज्ञाने ते एका तासात उरकले, तरी त्याला दीड तासाचे पैसे मिळतात. त्यालाच अडीच तास लागले, तरीही दीडच तासाचे. वॉरंटीतल्या कामांचे तास तर सहसा त्याहून कमी धरलेले असतात. अशा तंत्रज्ञाने शेजारी उभ्या असलेल्या शिकाऊला वायरिंगचा आराखडा चाळीस मिनिटे समजावून सांगितला, तर ती चाळीस मिनिटे त्याच्या स्वतःच्या खिशातून जातात. विद्यार्थ्याला तासागणिक पगार मिळतो, त्यामुळे त्याचे नुकसान होत नाही, पण शिकवणाऱ्याचे होते. शिकवण्याची हौस असलेली माणसे हा तोटा वर्षानुवर्षे सोसतात आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात नितांत आदर आहे. तरीही कोणाच्या चांगुलपणावर संपूर्ण शिक्षणव्यवस्था उभी करणे मला अन्यायाचे वाटते. काही डीलरशिप विद्यार्थ्याने केलेल्या कामाचे तास मार्गदर्शकाच्या खात्यात जमा करतात, काही त्याला शिकवण्याचा वेगळा दर देतात. जिथे असे काही ठरलेले असते तिथे विद्यार्थ्याला अवघड कामे पाहायला आणि करायला मिळण्याची शक्यता कितीतरी वाढते.

विद्यार्थ्याचा स्वतःचा हिशेबही समजून घ्यायला हवा. संघराज्याचे किमान वेतन २००९ पासून ताशी ७.२५ डॉलर आहे, अनेक राज्यांत ते बरेच जास्त आहे, आणि शिकाऊचा दर स्थानिक बाजारावर ठरतो. कॉलेजच्या पाळीत मात्र पूर्ण वेळेचा पगार थांबतो. काहीजण संध्याकाळी किंवा शनिवारी त्याच डीलरशिपमध्ये काम करून ती तूट भरून काढतात. शुल्काचा काही भाग काही डीलरशिप उचलतात, कधी पदवीनंतर ठरावीक काळ तिथेच राहण्याच्या अटीवर. ही अट सही करण्यापूर्वी नीट वाचावी. हत्यारांचा खर्च तर नवख्यांना चकित करतो, कारण अमेरिकेत तंत्रज्ञाने पाने, सॉकेट, पक्कड, मल्टिमीटर अशी हत्यारे स्वतःच्या पैशाने घेण्याची रीत आहे आणि डीलरशिप फक्त लिफ्ट, स्कॅनर यांसारखी मोठी साधने पुरवते. हत्यार बनवणाऱ्या कंपन्या विद्यार्थ्यांना मोठी सवलत देतात, ती शिकत असतानाच मिळते. म्हणून मूलभूत संच त्या काळातच पूर्ण करणे शहाणपणाचे असते, आणि पदवीच्या दिवशी उधारीवर भली मोठी पेटी घेणे तसे नसते. अमेरिकेच्या श्रम सांख्यिकी विभागाच्या २०२३ च्या आकडेवारीनुसार मोटार तंत्रज्ञांचे मध्यम वार्षिक वेतन ४७,७७० डॉलर होते, म्हणजे निम्म्यांना त्याहून कमी आणि निम्म्यांना त्याहून जास्त मिळत होते. हा आकडा समोर ठेवूनच कर्ज किती काढायचे ते ठरवावे. आणखी एक बाब, जी मुलाखतीत कोणी सहसा सांगत नाही: १९३८ च्या श्रम कायद्यात पुढे घातलेल्या एका कलमानुसार डीलरशिपमधल्या मेकॅनिकला जादा कामाच्या दीडपट वेतनाचा संघराज्यीय हक्क लागू होत नाही.

लेखनाचा विषय का लागतो, तेही सांगतो. मोटार आत येते तेव्हा जॉब कार्डावर ग्राहकाची तक्रार लिहिलेली असते. तंत्रज्ञाने त्याखाली कारण काय निघाले आणि ते कसे दूर केले, हे लिहायचे असते. वॉरंटीच्या कामाचे पैसे कंपनीकडून मिळतात ते या तीन ओळींच्या आधारावर. ‘आवाज येत होता, भाग बदलला’ एवढेच लिहिले तर कंपनी दावा नाकारू शकते आणि भुर्दंड डीलरशिपला बसतो. ‘थंड इंजिनावर चालवून पाहिले, डाव्या पुढच्या चाकातून आवाज आला, बेअरिंगमध्ये हाताने ढिलाई जाणवली, बेअरिंग बदलून पुन्हा चालवून पाहिले, आवाज नाही’ असे लिहिले तर पुढच्या तंत्रज्ञालाही त्याचा उपयोग होतो. अशी चार नेटकी वाक्ये लिहिण्याचा सराव वर्गात होतो, आणि निष्णात हातांचे कितीतरी कामगार नेमके इथे कमी पडतात.

कॉलेजच्या पदवीखेरीज या क्षेत्रात एक स्वतंत्र परीक्षा मानली जाते. १९७२ मध्ये स्थापन झालेली एएसई ही संस्था मोटारींसाठी ए१ पासून ए८ पर्यंत आठ मुख्य परीक्षा घेते. आठही परीक्षा उत्तीर्ण होणारा मास्टर तंत्रज्ञ ठरतो आणि प्रमाणपत्र पाच वर्षांनी पुन्हा सिद्ध करावे लागते. परीक्षा उत्तीर्ण होऊनही प्रमाणपत्रासाठी दोन वर्षांचा कामाचा अनुभव लागतो, मात्र या विषयातली दोन वर्षांची पदवी असेल तर एक वर्षाचा अनुभव पुरतो. वातानुकूलनाच्या वायूला हात लावून पैसे घ्यायचे असतील तर स्वच्छ हवा कायद्याच्या कलम ६०९ खालचे प्रमाणपत्र वेगळे लागते आणि ते बहुतेक विद्यार्थी पहिल्याच वर्षी मिळवतात. कंपनीच्या स्वतःच्या प्रशिक्षणाचे टप्पेही अभ्यासक्रमातच पूर्ण होत जातात, त्यामुळे पदवीधर त्या कंपनीच्या वॉरंटी कामाला नवख्यापेक्षा बराच आधी पात्र ठरतो. याची दुसरी बाजू अशी की त्याचे सखोल ज्ञान एका कंपनीच्या मोटारींपुरते असते. पाया सगळीकडे चालतो, पण ज्याला सर्व बनावटींच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या स्वतंत्र गॅरेजात जायचे आहे, त्याने कोणत्याही कंपनीशी न बांधलेला अभ्यासक्रम घेणे बरे.

म्हणून प्रवेश घेण्याआधी डीलरशिपच्या सर्व्हिस मॅनेजरला थेट विचारावे: माझा मार्गदर्शक कोण असेल, त्याला शिकवण्याचे पैसे मिळतात का, आधीचे विद्यार्थी दुसऱ्या वर्षी कोणती कामे करत होते, आणि त्यांतले किती अजून इथेच आहेत? शक्य झाल्यास त्या जुन्या विद्यार्थ्यांशी पाच मिनिटे बोलावे. चकचकीत शोरूमपेक्षा ही पाच मिनिटे जास्त सांगून जातात.

विद्युत मोटारींमुळे मार्गदर्शक आणि विद्यार्थी यांच्या नात्यात अलीकडे एक बदल दिसतो आहे. त्यांच्या बॅटरीचा दाब साधारण ४०० व्होल्ट असतो, काहींत ८०० च्या घरात जातो, आणि नारिंगी आवरणाच्या तारांना चुकीच्या वेळी लागलेला हात जीवावर बेततो. काम सुरू करण्यापूर्वी १,००० व्होल्टपर्यंत चालणारे रबरी हातमोजे, मनगटाकडून गुंडाळत हवा कोंडून, कुठून सुटत नाही ना असे तपासून घालायचे, त्यावर चामड्याचे मोजे चढवायचे. बॅटरीची उच्च दाबाची जोडणी तोडणारा सर्व्हिस प्लग काढून कंपनीने सांगितलेली मिनिटे थांबायचे, म्हणजे आत साठलेला भार उतरतो. मग मीटर आधी चालू बॅटरीवर लावून तो बरोबर चालतो याची खात्री करायची, नंतर उच्च दाबाच्या टोकांवर शून्य पाहायचे आणि पुन्हा एकदा त्याच बॅटरीवर मीटर तपासायचा. मधल्या काळात मीटरच बंद पडला असेल तर ते शून्य खोटे ठरेल, म्हणून ही तिसरी तपासणी. पेट्रोल इंजिनांवर पंचवीस वर्षे घालवलेल्या मार्गदर्शकाला ही रीत कधीतरी एखाद्या लहान शिबिरात मिळालेली असते, तर विद्यार्थी ती आठ आठवडे रोज गिरवून नुकताच आलेला असतो. अशा वेळी लिफ्टखाली मीटर विद्यार्थ्याच्या हातात असतो आणि मार्गदर्शक शेजारी उभा राहून तिसऱ्यांदा बॅटरीला टोके का लावलीस, असे विचारत असतो.